चाकात हवा भरणारा पशुवैद्य

सायकल दुरुस्तीच्या दुकानापुढे उलटी ठेवलेली सायकल, पाण्याने भरलेले घमेले, त्यात बुडवून फिरवली जाणारी ट्यूब आणि एखाद्या बारीकशा छिद्रातून वर येणारे बुडबुडे, हे दृश्य प्रत्येक मुलाच्या परिचयाचे आहे. त्या बुडबुड्यांतून निसटून जाते ती साधी हवा. परंतु ही हवा निघून गेली की तीच सायकल जड होते, तिचे हँडल हातात ठरत नाही आणि वाटेतील प्रत्येक दगड स्वाराच्या अंगाला जाणवू लागतो. चाकात भरलेली मूठभर हवा माणसाचे ओझे पेलते, त्याचे हादरे सोसते आणि त्याचा वेगही वाढवते. ही किमया ज्या गृहस्थांनी जगाच्या नित्य व्यवहारात आणली, ते कोणी यंत्रशास्त्रज्ञ नव्हते; ते जनावरांचे डॉक्टर होते. त्यांचे नाव जॉन बॉइड डनलॉप.

स्कॉटलंडमधील आयरशायर परगण्यात ड्रेगहॉर्न नावाचे एक खेडे आहे. तेथील एका शेतकरी कुटुंबात ५ फेब्रुवारी १८४० रोजी जॉनचा जन्म झाला. लहानपणापासून त्याची प्रकृती नाजूक समजली जात असे. शेतीची अवजड कामे या मुलाला झेपणार नाहीत, असे वाटल्यामुळे त्याचे शिक्षण पुढे चालू राहिले. एडिंबरो येथे त्याने पशुवैद्यकाचा अभ्यास केला आणि वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी तो त्या विद्येची परीक्षा उत्तीर्ण झाला. काही वर्षे स्कॉटलंडमध्ये काम केल्यानंतर १८६७ साली डनलॉप आयर्लंडमध्ये गेले. १८७१ साली मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी झाली. पुढे त्यांनी बेलफास्ट शहरात आपले बस्तान बसवले आणि थोड्याच वर्षांत त्यांचा पशुवैद्यकीय व्यवसाय आयर्लंडमधील मोठ्या व्यवसायांपैकी एक गणला जाऊ लागला.

त्या काळी शहरातील सारी वाहतूक घोड्यांच्या बळावर चालत असे. बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांचे होते. त्यांवरून लोखंडी धावांच्या गाड्या खडखडत जात आणि त्या ओढणाऱ्या घोड्यांचे पाय दुखावत. अशा जनावरांवर उपचार करणे हेच डनलॉप यांचे रोजचे काम होते. प्रकृतीने शांत व मितभाषी, दाढी राखलेले हे गृहस्थ आपल्या व्यवसायात तृप्त होते. पन्नाशीकडे झुकलेल्या वयात आपल्या हातून काही नवा शोध लागेल, असे त्यांना कधी वाटले नसेल.

त्या सुमारास सायकलीची स्थिती मोठी विचित्र होती. प्रारंभीच्या सायकलींना लाकडी चाके व त्यांवर लोखंडी धावा असत. त्यांच्या हादऱ्यांमुळे लोकांनी त्यांना हाडे खिळखिळी करणारे यंत्र असे नावच ठेवले होते. त्यानंतर पुढचे चाक पुरुषभर उंचीचे आणि मागचे अगदी लहान, अशी उंच सायकल प्रचारात आली. मोठे चाक लहानसहान खड्डे सहज ओलांडून जाई व वेगही चांगला देई. पण उंचावर बसलेला स्वार डोक्यावर आपटण्याचे भय सदैव असे. १८८५ साली इंग्लंडमधील जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली, साखळीने चालणारी सायकल तयार केली. आजच्या सायकलीची आजी ती हीच. ती सुरक्षित होती हे खरे. परंतु तिची चाके लहान असल्यामुळे रस्त्यावरील प्रत्येक उंचवटा तिला अधिक जाचत असे. चाकांवर भरीव रबराची पट्टी बसवलेली असे. पण भरीव रबर टणक असल्यामुळे हादऱ्यांचा त्रास फारसा कमी होत नसे. सुरक्षितपणा हवा असेल तर हादरे सोसावेत आणि हादरे टाळावयाचे असतील तर उंचावरून पडण्याचा धोका पत्करावा, असा हा पेच होता.

डनलॉप यांच्यापुढे मात्र हा पेच शास्त्राचा प्रश्न म्हणून आला नाही. तो घरातूनच आला. त्यांचा मुलगा जॉनी त्या वेळी नऊ वर्षांचा होता. त्याच्याजवळ भरीव रबराच्या धावांची एक तीनचाकी सायकल होती. दगडी चिऱ्यांच्या रस्त्यावर ती चालवताना त्याला फार हादरे बसत आणि वेगही साधत नसे. मुलाची ही अडचण १८८७ च्या ऑक्टोबर महिन्यात डनलॉप यांच्या मनात घोळू लागली. एखाद्या पित्याने मुलाला दुसरे खेळणे आणून दिले असते आणि तो प्रश्न तेथेच मिटवला असता. डनलॉप यांनी मात्र हादऱ्याचे मूळ शोधण्यास प्रारंभ केला. चाक आणि जमीन यांच्यामध्ये काहीतरी मऊ असले पाहिजे, हे उघड होते. परंतु ते मऊ असूनही दाबल्यानंतर चटकन पूर्ववत झाले पाहिजे. नाहीतर चाक चिखलात रुतल्यासारखे जड होईल. असा गुण कोणत्या वस्तूत आहे? कोंडलेल्या हवेत तो आहे, असे त्यांच्या ध्यानात आले.

केवळ विचार करून ते थांबले नाहीत. त्यांनी लाकडाची एक गोल तबकडी घेतली. रबराच्या अगदी पातळ पत्र्याची त्यांनी स्वतःच्या हातांनी नळी तयार केली, ती तबकडीच्या कडेवर बसवली आणि तिच्यावर तागी कापड ताणून ते खिळ्यांनी पक्के केले. फुटबॉलमध्ये हवा भरण्याच्या पंपाने त्यांनी त्या नळीत हवा भरली. मग अंगणात त्यांनी एक साधी परीक्षा घेतली. प्रथम मुलाच्या सायकलीचे भरीव रबराचे पुढचे चाक त्यांनी जोराने गडगडत सोडले. ते काही अंतर जाऊन डगमगले आणि कलंडले. त्यानंतर हवेची धाव बसवलेली तबकडी तशीच सोडली. ती अंगणाच्या टोकापर्यंत धावत गेली, तेथे आपटली आणि उसळून मागे फिरली. मऊ चाक हळू चालते, अशी सर्वांची समजूत होती. या एका परीक्षेने ती खोटी ठरवली.

पुढे डनलॉप यांनी त्या सायकलीच्या मागील दोन चाकांना अशाच हवेच्या धावा बसवल्या. १८८८ च्या फेब्रुवारीअखेर जॉनी ती सायकल घेऊन बाहेर पडला. रस्ते तेच होते, सायकल तीच होती, पाय मारणारा मुलगाही तोच होता. बदलली होती ती केवळ चाकांवरील धाव. तथापि सायकल आता सुरळीत व हलकी चालू लागली. त्या मुलाला झालेला आनंद हेच या शोधाचे पहिले पारितोषिक होय. खडबडीत दगडांवरून फिरून आलेल्या त्या धावा डनलॉप यांनी तपासून पाहिल्या, तेव्हा त्या धड असल्याचे आढळले. त्याच वर्षी त्यांनी या शोधाचे पेटंट मागितले आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी ते त्यांना मिळाले. पेटंट म्हणजे आपल्या शोधाचा ठराविक काळापर्यंत इतरांना उपयोग करू न देण्याचा कायदेशीर हक्क.

हवेच्या चाकामुळे सुख वाढावे हे समजण्यासारखे आहे. पण वेग का वाढावा? याचे कारण मोठे मनोरंजक आहे. टणक धावेचे चाक एखाद्या खड्यावर आले की चाक, सायकल आणि वर बसलेला स्वार या सर्वांना त्या खड्याच्या उंचीइतके वर उचलले जावे लागते आणि लगेच खाली आदळावे लागते. स्वाराच्या पायांतील जे बळ पुढे जाण्याच्या कामी यावयाचे, त्याचा मोठा भाग असा वर-खाली हेलकावण्यातच वाया जातो. हवेने भरलेल्या धावेची गोष्ट वेगळी असते. खडा खाली आला की धावेचा तेवढाच लहानसा भाग आत दबतो आणि खडा मागे पडताच पुन्हा फुगतो. स्वार जवळजवळ सरळ रेषेत पुढे जातो. त्याची शक्ती वाचते व ती शक्ती वेगाच्या रूपाने प्रकट होते. शिवाय, टणक चाक उसळून क्षणभर जमिनीपासून सुटते, तर हवेचे चाक जमीन धरून राहते. म्हणून वळण घेताना सायकल घसरत नाही आणि हँडल हातात स्थिर राहते. मात्र हवेचे प्रमाण योग्य असावे लागते. ती कमी झाली तर धाव चपटी होऊन चाक जड होते. ती अतिशय झाली तर खडबडीत रस्त्यावर पुन्हा उसळी सुरू होते. खडकाळ वाटेसाठी रुंद टायर आणि गुळगुळीत रस्त्यावरील शर्यतीसाठी अरुंद टायर का वापरतात, याचे उत्तरही याच तत्त्वात सापडते.

नवी वस्तू कितीही गुणी असली तरी लोक तिच्याकडे प्रथम संशयानेच पाहतात. त्या काळच्या शर्यतीच्या सायकलींना बारीक व टणक रबराच्या धावा असत. त्यांच्या शेजारी डनलॉप यांचे फुगीर टायर बेढब दिसत. जुन्या सायकलींच्या चिमट्यांत ते बसतही नसत. त्यांच्यासाठी सायकलीचा सांगाडाच वेगळा करावा लागे. बेलफास्टमधील एका सायकल मंडळाचे कप्तान विली ह्यूम यांनी मात्र अशी सायकल घेण्याचे धाडस केले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर शर्यती भरल्या. ह्यूम यांची ती जाड चाकांची सायकल पाहून प्रेक्षकांत हशा पिकला. परंतु शर्यती संपल्या तेव्हा हसणाऱ्यांची तोंडे बंद झाली होती. ह्यूम यांनी ज्या शर्यतींत भाग घेतला, त्या चारही जिंकल्या होत्या. पुढे लिव्हरपूल येथेही एक सोडून सर्व शर्यतींत त्यांची सरशी झाली.

त्या दिवशी पराभूत झालेल्या स्पर्धकांत हार्वे द्यु क्रो यांचे मुलगे होते. द्यु क्रो हे डब्लिनमधील एक कर्तबगार व्यापारी आणि आयर्लंडमधील सायकलस्वारांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. आपल्या मुलांच्या पराभवाचे दुःख करीत न बसता त्यांनी त्या पराभवाचे कारण शोधले. त्यांना नव्या टायरमध्ये मोठे भवितव्य दिसले. १८८९ सालीच त्यांच्या पुढाकाराने डब्लिन येथे हवेचे टायर तयार करणारी कंपनी स्थापन झाली आणि डनलॉप तिच्यात सामील झाले. आपल्या पेटंटचे हक्क त्यांनी द्यु क्रो यांच्या स्वाधीन केले आणि स्वतःकडे कंपनीचे १,५०० भाग ठेवले.

सर्व काही सुरळीत चालले असतानाच एक मोठा आघात झाला. पेटंट मिळाल्यानंतर सुमारे दोन वर्षांनी, ते रद्द ठरत असल्याचे डनलॉप यांना कळवण्यात आले. कारण हीच कल्पना त्यांच्या पूर्वी दुसऱ्या एका गृहस्थाने नोंदवून ठेवली होती. त्यांचे नाव रॉबर्ट विल्यम टॉम्सन. तेही स्कॉटलंडचेच. वयाच्या तेविसाव्या वर्षी, म्हणजे १८४५ साली, त्यांनी चाकावर हवेची धाव बसवण्याचे पेटंट घेतले होते. रबर लावलेल्या कापडाच्या नळ्या आणि त्यांवर चामड्याचे आवरण अशी त्यांच्या धावांची रचना होती. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना त्या बसवून त्यांची परीक्षाही घेण्यात आली होती. नव्याने टाकलेल्या खडीवरून साधी गाडी ओढण्यास जितका जोर लागे, त्याच्या सुमारे एकतृतीयांश जोर हवेच्या चाकांच्या गाडीला पुरे झाला. इतके असूनही टॉम्सन यांचा शोध मागे पडला. त्या काळी चांगले पातळ रबर दुर्मिळ व महाग होते, आणि ज्या हलक्या वाहनाला हवेच्या चाकाची खरी गरज होती, ती सायकल त्या काळी जन्मलीच नव्हती. १८७३ साली टॉम्सन मरण पावले. चाळीस वर्षांत त्यांच्या शोधाचे नावही कोणाच्या स्मरणात राहिले नव्हते.

डनलॉप यांना टॉम्सन यांच्या कार्याची काहीच माहिती नव्हती. त्यांनी आपला शोध स्वतंत्रपणे, आपल्या अंगणात, आपल्या मुलासाठी लावला होता. तथापि कायद्याच्या दृष्टीने पहिला मान टॉम्सन यांचाच ठरला. दोन माणसांना एकच कल्पना स्वतंत्रपणे सुचावी, पहिल्याचे नाव लोकांनी विसरावे आणि दुसऱ्याचा हक्क नाकारला जावा, हा दैवाचा विलक्षण खेळ होय. यात दोष कोणाचाच नव्हता. बीज उत्तम असले तरी पाऊस येईपर्यंत ते रुजत नाही. टॉम्सन यांनी बीज पेरले तेव्हा पाऊस आला नव्हता. डनलॉप यांच्या वेळी तो आला होता.

पेटंट गेले तरी कंपनी बुडाली नाही. पहिल्या टायरांत एक मोठा दोष होता. ते चाकाला डिंकासारख्या द्रावणाने घट्ट चिकटवलेले असत. वाटेत पंक्चर झाले तर टायर सोडवून दुरुस्त करण्यात तासन् तास जात आणि तो वाळण्यासाठी रात्रभर थांबावे लागे. १८९० साली चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी कडेला तार असलेला टायर शोधून काढला आणि त्याच वर्षी विल्यम बार्टलेट यांनी चाकाच्या कडेत अडकणाऱ्या टायरचे पेटंट घेतले. कंपनीने हे दोन्ही हक्क विकत घेतले. १८९१ साली फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनीही सहज काढता येणारा टायर तयार केला आणि त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट व परत, अशा सुमारे १,२०० किलोमीटरांच्या शर्यतीत तो वापरणारा शार्ल तेराँ हा स्वार पहिला आला. तेव्हापासून टायर बदलणे हे कारखान्याचे काम न राहता रस्त्याच्या कडेला बसून कोणालाही करता येण्याजोगे काम झाले. काही वर्षांतच भरीव रबराच्या धावा सायकलींवरून नाहीशा होत गेल्या आणि उंच सायकल अडगळीत पडली. स्त्रिया, वृद्ध, कामगार अशा सर्वांना सायकल आपली वाटू लागली. पुढे मोटारगाडी आली, तीही याच हवेच्या चाकांवर धावू लागली.

या यशाला एक काळी किनारही आहे. टायरांसाठी रबराची मागणी एकाएकी वाढली. आफ्रिकेतील कांगो प्रदेशावर त्या वेळी बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खाजगी सत्ता होती. तेथील लोकांना रानातील रबर गोळा करण्यास सक्तीने भाग पाडण्यात आले आणि जे ठराविक रबर आणू शकले नाहीत त्यांचा अमानुष छळ झाला. जगभर निषेध झाल्यावर १९०८ साली ती खाजगी राजवट संपली. एका बापाने प्रेमापोटी लावलेला शोध दूरच्या प्रदेशातील बापांना व मुलांना इतका महाग पडावा, हे दुर्दैव होय. शोध चांगला असला तरी त्याचा उपयोग करणाऱ्यांची नीतीही चांगली असावी लागते, हे यावरून दिसून येते.

डनलॉप स्वतः या व्यापाराच्या धामधुमीत फार काळ रमले नाहीत. ते डब्लिन येथे राहण्यास गेले आणि हळूहळू कंपनीच्या कारभारातून दूर झाले. १८९६ साली ती कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली; परंतु ज्या नावाने ती ओळखली जाऊ लागली, त्या नावाच्या धन्याला त्या अफाट धनाचा लहानसाच वाटा मिळाला होता. डब्लिनमधील एका कापडाच्या पेढीच्या कारभारात लक्ष घालून त्यांनी उरलेले आयुष्य शांतपणे घालवले. उतारवयात त्यांनी आपल्या शोधाची हकीकत लिहून ठेवली; ती त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलीने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, डब्लिन येथे त्यांचे निधन झाले.

डनलॉप यांचे पेटंट टिकले नाही, त्यांना मोठी संपत्तीही मिळाली नाही; पण त्यांचे नाव मात्र चाकाबरोबर जगभर फिरले. महाराष्ट्रातील खेड्यांतही ते येऊन पोहोचले. लाकडी चाकांच्या बैलगाडीऐवजी हवेच्या चाकांची टायरगाडी आली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी लोक तिला डनलॉपची गाडी म्हणू लागले. उसाने भरलेली अशी गाडी साखर कारखान्याकडे निघते, तेव्हा तिची चाके लोखंडी धावेच्या चाकांपेक्षा कितीतरी हलकी फिरतात आणि बैलांच्या मानेवरील भार तेवढाच कमी होतो. मुक्या जनावरांची सेवा करण्यात ज्या माणसाने आपले उमेदीचे आयुष्य वेचले, त्याचे याहून उचित स्मारक कोणते असणार?